परवानगी न विचारता: ब्लॉकचेनवरच्या सोशल मीडियाचा खरा उपयोग कुठे आहे

ब्लॉकचेन, म्हणजे एका कंपनीकडे नाही तर अनेक कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली नोंदवही. तिच्यावरच्या सोशल मीडियाची बाजू घेणारे लोक पहिलं वाक्य हेच टाकतात की इथे कुणीही येऊ शकतं, कुणाला विचारायची गरज नाही. मग फेसबुकवर काय विचारावं लागतं? मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, झालं अकाउंट, दोन मिनिटांचं काम आणि तेही फुकट. ब्लॉकचेनवर यायचं तर बऱ्याच ठिकाणी अजूनही वॉलेट (खातं सांभाळणारं ॲप) काढा, बारा शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे त्या खात्याचा गुप्त पासवर्डच, कुठेतरी नीट लिहून ठेवा, थोडे टोकन, म्हणजे तिथली डिजिटल नाणी, आणा, तेव्हा कुठे पहिली पोस्ट पडते. म्हणजे "कुणीही येऊ शकतं" एवढ्याच मुद्द्यावर भांडायचं असेल तर जुने प्लॅटफॉर्म सरळ जिंकतात. तरीसुद्धा मी या नव्या प्रकाराच्या बाजूने लिहायला बसलोय, कारण परवानगीचा प्रश्न दारात येतच नाही, तो आत येऊन पाच-सात वर्षं झाल्यावर, तिथे माणसं जोडल्यावर, लिहिलेलं साठल्यावर येतो.

जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने एके दिवशी ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक या, बाहेरच्या लोकांनी ट्विटर वाचण्यासाठी बनवलेल्या, ॲप्सचं कनेक्शन तोडलं. आधी सूचना नाही, कारण नाही, आणि काही दिवसांनी नियमच बदलून टाकला की अशी ॲप्स चालणार नाहीत. ट्विटरिफिक हे २००७ पासूनचं ॲप, ट्विटरची ओळख बनलेला तो पक्षी पहिल्यांदा आयकॉन म्हणून वापरला तो यांनीच, म्हणजे घर बांधायला ज्यांनी हात लावला त्यांनाच बाहेर काढलं. त्याच वर्षी रेडिटने एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपने रेडिटचा मजकूर घेण्याचे, असे दर लावले की रेडिट वाचायचं अपोलो हे ॲप करणाऱ्या डेव्हलपरने हिशोब मांडला तर वर्षाला साधारण २ कोटी डॉलर होत होते, आणि ३० जून २०२३ ला त्याने दुकान बंद केलं. या लोकांना आत येताना कुणीही अडवलं नव्हतं, उलट या या म्हणून बोलावलं होतं. परवानगी दिलेली होती, आणि जी दिलेली असते ती काढून घेता येते, एवढीच गोष्ट आहे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, वाईन २०१७ मध्ये, गुगल प्लस २०१९ मध्ये, तिथे तर सगळ्यांचीच परवानगी एकदम संपली.

आता ब्लॉकचेनवर वेगळं काय होतं ते थोडक्यात सांगतो. अकाउंट म्हणजे कंपनीच्या डेटाबेसमधली ओळ नसते, किल्ल्यांची जोडी असते, एक जगाला माहीत असलेली आणि एक फक्त तुमच्याकडची. पोस्ट टाकली की तुमच्याकडच्या किल्लीने तिच्यावर सही होते आणि ती सही बरोबर आहे का हे जगातला कुठलाही कॉम्प्युटर तपासू शकतो, त्यासाठी कुठल्या कंपनीला फोन लावावा लागत नाही. हाईव्ह या सोशल मीडियाच्या ब्लॉकचेनवर मजकूर थेट चेनवरच जातो, दर तीन सेकंदाला एक ब्लॉक, आणि तोच मजकूर पीकडी, इसेन्सी, हाईव्ह ब्लॉग अशा वेगवेगळ्या साइटवर त्याच अकाउंटने वाचता येतो, त्याला उत्तर देता येतं. फारकॅस्टर या दुसऱ्या सोशल नेटवर्कने वेगळा रस्ता घेतला, अकाउंटची नोंद तेवढी ऑप्टिमिझम नावाच्या चेनवर, आणि पोस्ट त्या चेनच्या बाहेर सर्व्हरवर (आधी त्यांना हब म्हणायचे), जो सर्व्हर कुणीही चालवू शकतो. दोन्हीकडे नतीजा एकच, एखादी साइट वाकडी वागली तर दुसरीवर जा, फॉलोअर्स तसेच, जुनं लिखाण तसंच.

कागदावर हे छान दिसतं, खरी परीक्षा झाली ती २०२० मध्ये, स्टीमवर. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी कारण या विषयावर बोलणारे अर्धे लोक ती विसरतात आणि उरलेले अर्धे सोयीचा तेवढाच भाग सांगतात.

स्टीम ही चेन २०१६ ची, डॅन लॅरिमर आणि नेड स्कॉट यांनी काढलेली, आणि तिच्यावरची मुख्य साइट स्टीमिट. लिहिणाऱ्याला मतांच्या हिशोबाने टोकन मिळायचे. चेन चालवणारे लोक म्हणजे विटनेस, त्यातले वरचे २० मुख्य, आणि ते टोकनधारकांच्या मतांवर निवडून यायचे, ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या मताला वजन जास्त. अगदी सुरुवातीला, बाहेरच्या लोकांना नीट कळायच्या आत, स्टीमिट कंपनीने स्वतःसाठी टोकनचा मोठा साठा माइन करून, म्हणजे कॉम्प्युटर लावून तयार करून, ठेवला होता. कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली की हा साठा चेनच्या विकासासाठी आहे, त्याने आम्ही मत देणार नाही. लोकांनी शब्दावर विश्वास ठेवला. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन ही दुसरी चेन काढणाऱ्या जस्टिन सनने स्टीमिट कंपनी विकत घेतली आणि तो साठा त्याच्या हातात गेला. शब्द देणारे गेले, साठा राहिला. विटनेस घाबरले, त्यांनी सॉफ्ट फोर्क करून, म्हणजे चेनचे नियम थोडे आवळून, तो साठा गोठवला, म्हणजे एका माणसाचे टोकन २० जणांनी मिळून अडवले, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग २ मार्चला उलटा डाव आला. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजकडे, म्हणजे टोकन खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे, ग्राहकांचे टोकन ठेवीसारखे पडलेले होते, त्या टोकनच्या जोरावर मतं टाकली गेली आणि वरचे सगळे २० विटनेस एका फटक्यात बदलले. ज्यांचे टोकन त्यांना विचारलंसुद्धा नाही. वर मत देण्यासाठी टोकन लॉक करावे लागतात आणि सुटायला १३ आठवडे लागतात, म्हणजे ग्राहकाचे पैसेही अडकले. बायनान्सने नंतर सांगितलं की आम्हाला वाटलं हे नेहमीचं अपग्रेड आहे, आणि मतं मागे घेतली.

एवढं झाल्यावर कुठल्याही साध्या प्लॅटफॉर्मवर काय उरलं असतं? पिटिशन, हॅशटॅग, आणि चार दिवसांनी सगळे आपापल्या कामाला. इथे २० मार्च २०२० ला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, त्या लोकांनी अख्खी चेन कॉपी करून हाईव्ह नावाने वेगळी सुरू केली. सगळ्या पोस्ट, सगळे फॉलोअर्स, सगळी नावं, लोकांचे टोकन, सगळं तसंच्या तसं नव्या जागी, फक्त तो कंपनीचा साठा आणि सनच्या बाजूच्या विटनेसना मतं दिलेल्या काही अकाउंटचे टोकन वगळून. जुन्याच किल्लीने नवीन ठिकाणी लॉगिन होत होतं. कुणाला अर्ज करावा लागला नाही, डेटा एक्सपोर्टचं बटण शोधावं लागलं नाही, कोर्टात जावं लागलं नाही. आणि चार वर्षं तिथे लिहिणाऱ्या माणसाचं चार वर्षांचं लिखाण आणि वाचक दोन्ही त्याच्या सोबत गेले, जे फेसबुक सोडणाऱ्या कुणाच्याही नशिबात नाही.

माझ्या मते परवानगीमुक्त सहभागाची खरी किंमत ही एवढीच आहे आणि ती खूप मोठी आहे. आत यायला मिळणं ही किरकोळ गोष्ट. चालकांशी पटेनासं झालं की आपलं सगळं घेऊन निघता येणं आणि तेही त्यांना न विचारता, हे महत्त्वाचं. आणि याचा परिणाम फक्त निघणाऱ्यांवर होत नाही, जे राहतात त्यांच्यावरही होतो, कारण लोक खरंच निघू शकतात हे माहीत असलेला चालक वेगळा वागतो, निदान त्याला वेगळं वागायला एक कारण तरी असतं. बंद प्लॅटफॉर्मला ते कारणच नाही.

पण मी म्हटलं तसं सोयीचा भाग सांगून थांबायचं नाही. हल्लाही परवानगी न विचारताच झाला ना! टोकन असलेला कुणीही मत देऊ शकतो हाच नियम एक्स्चेंजनी वापरला, त्यांनी काही हॅक केलं नव्हतं. आणि सुरुवातीला विटनेसनी एका माणसाचे टोकन गोठवले तेही त्याच नियमांच्या आत राहून. त्यानंतर मे महिन्यात सनच्या ताब्यातल्या स्टीमने हार्ड फोर्क करून, म्हणजे चेनचे नियमच बदलून, ६४ अकाउंटमधले २ कोटी ३६ लाख टोकन काढून घेतले, त्यातली बरीच मंडळी विरोधात बोललेली. म्हणजे "इथे कुणी तुमचं काही काढून घेऊ शकत नाही" ही जाहिरात खोटी आहे. २० जणांनी ठरवलं तर काढून घेता येतं. खोटं न बोलता एवढंच म्हणता येईल की काढून घेतलं तर ते सगळ्या जगासमोर उघड नोंद होऊन घेतलं जातं, आणि बाकीच्यांना तिथून निघून जायला रस्ता असतो. मला हे पुरेसं वाटतं, काहींना वाटणार नाही, पण निदान वाद खऱ्या गोष्टीवर तरी होईल.

दुसरं उदाहरण छोटं आहे पण मला जास्त भिडतं. एप्रिल २०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने जुन्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात विद्यापीठाने काय केलं याबद्दल जाब विचारणारं खुलं पत्र लिहिलं, चिनी सोशल मीडियावरून ते भराभर गायब व्हायला लागलं. तेव्हा कुणीतरी इथेरियम या चेनवर शून्य इथरचा (तिथल्या नाण्याचा) एक व्यवहार स्वतःच्याच पत्त्यावर केला आणि त्याच्या डेटामध्ये ते अख्खं पत्र घातलं. डॉलरभराच्या आत फी लागली असेल, आणि ते पत्र आजही इथेरियमवर आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये निकृष्ट लसींच्या घोटाळ्यावरचा लेख असाच टाकला गेला. हे काही सोशल मीडिया नव्हतं, तिथे लाइक नव्हते, कॉमेंट नव्हत्या, पण ज्यांना एरवी कुठेच जागा नाही त्यांना कुणाचंही तोंड न बघता जागा मिळाली. ज्याचं बोलणं आज कुणी अडवत नाहीये त्याला याची किंमत कळणं अवघड आहे, मान्य.

आता आक्षेपांकडे येऊ, आणि पहिला आक्षेप सगळ्यात जुना आहे, स्पॅम. किल्ल्यांची जोडी बनवायला काही लागत नाही, एक माणूस दुपारच्या चहाच्या आत दहा हजार बनवेल. एका माणसाने हजार माणसं असल्याचं सोंग आणायचं, याला सिबिल हल्ला म्हणतात, आणि २००२ मध्येच जॉन डूसर यांनी मांडून ठेवलं होतं की ओळख पटवणारी मध्यवर्ती संस्था नसेल तर हे व्यवहारात थांबवता येत नाही. मग उपाय काय, तर बोलण्याला थोडी किंमत लावायची. ही कल्पनाही ब्लॉकचेनच्या आधीची, ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये ईमेलच्या स्पॅमवर हॅशकॅश सुचवलं, की मेल पाठवणाऱ्या कॉम्प्युटरला आधी थोडं गणित सोडवायला लावायचं, एका मेलला काहीच वाटणार नाही पण लाखो पाठवणाऱ्याचा दम निघेल. फारकॅस्टरने २०२३ मध्ये स्टोरेजचं भाडं म्हणून वर्षाला काही डॉलर लावले, हाईव्हवर नवीन अकाउंटला ३ हाईव्ह (तिथले टोकन) पडतात किंवा आधीपासून असलेल्या कुणीतरी आपल्या कोट्यातून काढून द्यावं लागतं.

म्हणजे दरवाजा गेला नाही, त्याचा प्रकार बदलला. आधी दारात माणूस उभा होता, तो तुमच्याकडे बघून ठरवायचा, आता तिथे गल्ला आहे. मला माणसापेक्षा गल्ला बरा वाटतो, कारण गल्ला तुमचं मत काय, तुम्ही कुठल्या बाजूचे, काल काय लिहिलं हे विचारत नाही, सगळ्यांना एकच भाव. पण तो निष्पाप आहे असं कुणी सांगू नये. एकाला काही डॉलर म्हणजे काहीच नाही आणि दुसऱ्याला ती रक्कमच काय, ती ऑनलाइन भरायची सोयसुद्धा नसते. आणि इथेरियमच्या मुख्य चेनवर २०२१ मध्ये एकेका व्यवहाराला कित्येक डॉलर फी पडायची, तेव्हा "कुणीही येऊ शकतं" हे म्हणणं म्हणजे थट्टाच होती. मार्च २०२४ च्या अपग्रेडनंतर इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या, वरच्या थरातल्या चेनवरची फी खूप खाली आली, म्हणून आज या विषयावर गंभीरपणे बोलता तरी येतंय.

पैशाचा प्रश्न मात्र दारापाशी संपत नाही आणि माझा या मंडळींशी खरा झगडा इथेच आहे. प्रवेश सगळ्यांना खुला ठेवायचा आणि आत गेल्यावर आवाज टोकनच्या हिशोबाने मोजायचा, हे कसलं खुलं? स्टीमवर काय झालं, मत विकणारे बॉट आले, पैसे टाका आणि आपली पोस्ट ट्रेंडिंगला न्या, आणि मग ट्रेंडिंगचं पान उघडलं की कुठल्याच शहाण्या माणसाने मनापासून वाचलं नसतं असं लिखाण वर. २०१९ मध्ये नियम बदलून, मत देणाऱ्याला निम्मा वाटा देऊन आणि डाउनव्होट (नापसंतीचं मत) स्वस्त करून हे बरंच आटोक्यात आणलं, पण मूळ दोष तसाच राहिला. फ्रेंडटेक या ॲपने तर २०२३ मध्ये माणसांवरच शेअरबाजार लावला, अमक्याशी गप्पा मारायच्या तर त्याच्या नावाचं 'की' नावाचं टोकन विकत घ्या, भाव वाढला की विका, आणि वर्षभरातच सप्टेंबर २०२४ मध्ये चालवणाऱ्यांनी कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे चेनवर चालणाऱ्या त्या प्रोग्रामचा, ताबा कुणाचाच नसलेल्या पत्त्यावर टाकून दिला. गप्पा मारायला आलेले फार थोडे होते, त्यामुळे भाव पडल्यावर उरलं कोण? सहभागाला परवानगी नको याचा अर्थ सहभागाचा सट्टा करा असा होत नाही, आणि दुर्दैवाने या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांना या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मला परवानगी विचारायची नाही हे ठीक, पण तुमच्याबद्दल काही टाकायचं तर तुमचीही परवानगी लागणार नाही. २०२१ मध्ये बिटक्लाउट या ब्लॉकचेनवरच्या सोशल नेटवर्कने ट्विटरवरच्या सुमारे १५,००० प्रसिद्ध लोकांची प्रोफाइल त्यांना न विचारता बनवली, आणि प्रत्येकाच्या नावाचं टोकन विकायला लावलं. म्हणजे आपल्या नावाची खरेदी-विक्री चालू आहे हे त्या माणसाला दुसऱ्याकडून कळायचं. आणि प्रसिद्ध माणसं निदान वकील तरी करतील, एखाद्या साध्या मुलीचे खासगी फोटो कुणी चेनवर टाकले तर ती कुणाकडे जाईल? पेकिंगचं पत्र पुसता येत नाही म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तीच न पुसता येण्याची सोय या मुलीसाठी जन्मठेप आहे. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि तो कायदा समोर ठेवला की चेनवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

यावर "साइट दाखवणार नाही, लपवेल" हे उत्तर मिळतं, ते अर्धं बरोबर आहे. बहुतेक लोक साइटवरूनच वाचतात, तिथे लपलं की बऱ्यापैकी लपलं. पण मला वाटतं यावर नीट उत्तर रचनेतच द्यायला हवं, चेनवर फक्त ओळख ठेवा, कोणतं नाव कुणाच्या किल्लीचं एवढंच, आणि मजकूर बाहेर ठेवा जिथे लिहिणारा तो काढू शकेल आणि सर्व्हर चालवणारा नाकारू शकेल. फारकॅस्टरची रचना साधारण अशीच आहे, डिलीटचा मेसेज पाठवला की सर्व्हर पोस्ट काढून टाकतात. याची किंमत आहे, अशा रचनेत पेकिंगसारखं पत्र तेवढं सुरक्षित राहणार नाही. मी ती किंमत द्यायला तयार आहे, कारण रोजच्या गप्पांच्या जागेचा नियम आणि जीव धोक्यात घालून ठेवलेल्या पुराव्याचा नियम एकच असायची गरज नाही, पुराव्यासाठी चेन मोकळीच आहे की.

मग कुणी विचारेल, मजकूर बाहेरच ठेवायचा तर चेन हवीच कशाला? रास्त प्रश्न. नॉस्टर हे सोशल नेटवर्क चेनशिवायच चालतं, किल्ली आणि रिले (पोस्ट पोचवणारे सर्व्हर) एवढ्यावर, आणि परवानगी तिथेही लागत नाही. चेनचा उपयोग होतो तो नावासाठी, एकच नाव दोघांनी सांगितलं तर खरं कुणाचं हे ठरवायला, आणि किल्ली बदलायची झाली तर त्याची नोंद सगळ्यांना एकसारखी दिसायला. नॉस्टरवर किल्ली चोरीला गेली की माणूसच गेला, बदलायची सर्वमान्य सोय नाही. मॅस्टोडॉन या अनेक सर्व्हर मिळून चालणाऱ्या नेटवर्कवर उलट, सर्व्हर चालवणारा तुमचा मालक, तो बंद पडला की फॉलोअर्स हलवता येतात पण त्याच्या हयातीत, आणि जुन्या पोस्ट तिथेच राहतात. त्यामुळे चेन हवी ती एवढ्याशा कामासाठी, आणि ते काम लहान दिसलं तरी सगळा डोलारा त्याच्यावर आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरंच सतावते. ईमेल १९८२ पासून परवानगीमुक्त आहे, आजही कुणीही आपला मेल सर्व्हर लावू शकतो, मेल पाठवायची एसएमटीपी ही पद्धत कुणाला विचारत नाही. पण लावून बघा, तुमचे मेल मोठ्या कंपन्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन पडतील आणि का ते कुणी सांगणार नाही. नियमात परवानगी नाही, व्यवहारात आहे. सोशल मीडियातही तेच होताना दिसतंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये नॉस्टरचं डॅमस हे ॲप ॲपलच्या स्टोअरवर आलं आणि दोन दिवसांत चीनमधल्या स्टोअरवरून काढलं गेलं, प्रोटोकॉल, म्हणजे ॲपच्या मागचे जोडणीचे नियम, मोकळा, फोन मोकळा नाही. फारकॅस्टर ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्यांना खुलं झालं, पण बहुतेक लोक मूळ टीमचं वॉर्पकास्ट हेच एक ॲप वापरत राहिले, आणि २०२५ मध्ये त्या ॲपचं नावच बदलून फारकॅस्टर केलं. आता नवीन माणसाला ॲप आणि प्रोटोकॉल वेगळे आहेत हे कुणी सांगायचं?

निघून जायचा हक्क तेव्हाच हक्क असतो जेव्हा जायला दुसरी जागा चालू असते. हाईव्हवाल्यांना तीन आठवड्यांत जमलं कारण कोड येणारे, सर्व्हर चालवणारे, वेगळ्या साइट सांभाळणारे लोक आधीपासून तिथे होते, भांडणाच्या आधी वर्षानुवर्षं. अशा दुसऱ्या, तिसऱ्या ॲपला आज पैसे कोण देणार? गुंतवणूकदार देत नाहीत, त्यांना एकच मोठं ॲप हवंय. वापरणारे देत नाहीत, त्यांना फुकटची सवय आहे. हाईव्हने एक मार्ग काढलाय, नव्याने तयार होणाऱ्या टोकनचा एक हिस्सा अशा कामांसाठी बाजूला पडतो आणि प्रस्ताव मतांवर ठरतात. पण मतं पुन्हा टोकनच्या वजनाने, म्हणजे ज्या रोगाबद्दल वर एवढं बोललो तोच इथेही आहे. निदान दुसरं ॲप जिवंत ठेवायच्या पैशापुरतं तरी एका माणसाला एक मत कसं द्यायचं, आणि तेही कुणाची कागदपत्रं न मागता, यावर मला अजून पटेल असं उत्तर कुणाकडून मिळालेलं नाही, आणि या क्षेत्रातल्या हुशार लोकांनी नवीन टोकन काढण्यापेक्षा आता याच्या मागे लागावं असं मला वाटतं.